मंगळवार नको

“तिला त्यातलं काही कळत नाहीये गं,” तो फोनवर लेकीला म्हणाला आणि बोलता बोलता त्यानं मान वर केली, तर टेबलाच्या पलीकडून बायको त्याच्याकडेच बघत होती. डावा हात माऊसवर. उजवा मांडीवर, त्यानंच सकाळी उचलून ठेवलेला. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. राग नव्हता. वर्गात छाती पुढे काढून चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बाई बघतात, तसं ती बघत होती; थोडी कंटाळून, थोडी कीव करून. लेक पलीकडून बोलतच होती, बाबा सेल बदललात का, बंद करून चालू केलात का, माऊसच्या पोटाखाली दिवा लागतोय का, आणि तो “हो, हो, लागतोय ना, लुकलुकतोय चांगला” म्हणत होता. पण त्याच्या कानशिलापाशी काहीतरी गरम झालं होतं. गेले चार महिने तो हे वाक्य म्हणत आला होता. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, दुकानात चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकांना. तिला कळत नाही. तिच्यासमोर, तिच्या डोक्यावरून, खोलीतल्या कपाटाविषयी बोलावं तसं. कपाटानं कधी उलटून बघितलं नव्हतं. किंवा बघितलं असेल, त्याचंच लक्ष नसेल. “बाबा, ऐकताय ना?” लेक म्हणाली. “तुला मागाहून करतो,” म्हणत त्यानं फोन ठेवला.

भानगड साधी होती. वाचाबाईंनी, म्हणजे दर मंगळवारी येऊन तिच्याकडून शब्द म्हणवून घेणाऱ्या बाईंनी, लॅपटॉपवर करायचा एक अभ्यास दिला होता. चित्र बघायचं, खाली चार शब्द, त्यातल्या बरोबर शब्दावर डाव्या हातानं माऊस नेऊन टिचकी मारायची. शब्दही होईल आणि हातही होईल, असं त्या म्हणाल्या होत्या. आज दुकानाची सुट्टी, म्हणून दुपारी त्यानं तिला खुर्चीत बसवलं, तिचाच लॅपटॉप काढला, पिशवीच्या कप्प्यातून तिचाच बिनतारी माऊस काढला आणि तिथंच घोडं अडलं. पडद्यावरचा बाण मधोमध खिळा ठोकल्यासारखा उभा होता. माऊस पुढे न्या, मागे न्या, टेबलावर आपटा, बाण ढिम्म. लॅपटॉपवरची बोट फिरवायची पट्टी तिनंच कधीतरी बंद करून टाकलेली होती, मनगट लागलं की बाण पळतो म्हणून. ती चालू कशी करायची हे तिला ठाऊक होतं, म्हणजे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं सेल बदलले. लॅपटॉप बंद केला, चालू केला. माऊस उताणा करून त्याच्या पोटावर फुंकर मारली. बिछान्यावर नेऊन बघितला, पुस्तकावर ठेवून बघितला. कालचा गोंधळ बरा होता म्हणायची पाळी आली. कारण काल निदान माऊस पिशवीत होता आणि आशा होती.

खरं म्हणजे घरात हे खातं तिचं. भिंतीत खिळा, नळाला वॉशर, लेकीच्या फोनमधली अडचण, बँकेचा संकेतशब्द, सगळं तिच्याकडे. त्याचं चष्म्याचं दुकान. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरून तो डोळे मिटूनही बसवील, पण ज्याच्या आत काय चाललंय ते दिसत नाही अशा वस्तूंपुढे त्याचा हात आखडायचा. ती मात्र न दिसणाऱ्याच वस्तूंत रमलेली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती नकाशे करायची. गावाच्या पोटात कुठून कुठला पाइप गेलाय, कुठे वळलाय, कुठे झडप आहे, हे सगळं तिच्या पडद्यावर निळ्या रेघांत असायचं. लग्नानंतर ती दोघं फिरायला जायची तेव्हा मधेच थांबून म्हणायची, “आता आपल्या पायाखालून केवढं पाणी चाललंय, कल्पना आहे?” आणि तो खरोखरच पाय उचलायचा. तिला रस्त्याखालचं दिसतं आणि मला लोकांच्या नाकावरचं, असं तो पाहुण्यांना सांगायचा, पाहुणे हसायचे, ती चहा ओतत म्हणायची, “नाकावरचंही कुठं दिसतं? माशी बसलीय.”

आणि मग ती सकाळ. तेव्हाही ती याच टेबलाशी बसली होती, समोर हाच लॅपटॉप, अजून मिटलेला. “जरा खिडकी दे,” ती म्हणाली. तो वर्तमानपत्रातून उठला आणि त्यानं खिडकी उघडली. “खिडकी दे रे,” ती पुन्हा म्हणाली, आणि तो म्हणाला, “आता काय काढून हातात देऊ?” तिनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या ओठाची उजवी कड चहाच्या कपावरून घरंगळल्यासारखी खाली आली. तिला पाणी हवं होतं, हे त्याला दवाखान्याच्या बाकावर संध्याकाळी कधीतरी कळलं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला, पाय जवळजवळ परत आला, हात थोडा आला, शब्द मात्र कुणीतरी ड्रॉवर उपडा करावा तसे सांडले. घड्याळाला ती चप्पल म्हणायची, चपलेला शाळा. लेकीला ‘मामा’ आणि त्याला ‘वहिनी’. पहिल्यांदा तिनं “वहिनी” अशी हाक मारली तेव्हा लेक तोंडात ओढणी कोंबून हसली आणि मग न्हाणीघरात जाऊन रडली. तो मात्र ओ देऊ लागला. इतकंच काय, सगळ्यालाच ओ देऊ लागला. ती काहीही बोलली की “हो, हो,” म्हणायचा, उशी सारखी करायचा, पांघरूण ओढायचा. पुन्हा खिडकी उघडण्यापेक्षा हे बरं. विचारलं आणि चुकलं तर तिच्या तोंडावर ते पुन्हा दिसणार. नाहीच विचारलं तर दिसणार नाही. अशा रीतीनं घरात शांतता झाली होती. लोक म्हणायचे, किती सेवा करतो.

“मंगळवार,” ती आता म्हणाली. त्यानं चमकून बघितलं. वार तिला नीट यायचे. वाचाबाई टाळी वाजवत म्हणायच्या, सोमवार, मंगळवार, आणि ती त्यांच्यामागून सात वार घरंगळत म्हणून टाकायची, गाडं उतारावर सुटावं तसं. एकटा सुटा वार तिनं कधी उच्चारला नव्हता. “मंगळवार नको,” ती म्हणाली. डाव्या हातानं तिनं माऊस उचलला आणि त्याच्यापुढे ठेवला. “सोमवार.” “हो, हो,” तो म्हणाला. तिनं टेबलावर बोट आपटलं. “मंगळवार नको! सोमवार, सोमवार.” “बरं बाई, सोमवार,” तो म्हणाला, आणि उठून गॅलरीत गेला. त्याला वाटलं, कळलं. वाचाबाई मंगळवारी यायच्या. तिला त्या नको होत्या, किंवा त्यांचा वार बदलून हवा होता. त्यात नवल नव्हतं. सफरचंदाच्या चित्राला सफरचंद म्हणायला लावणाऱ्या बाईंचा कुणालाही कंटाळा येईल. आणि मुख्य म्हणजे ही गोष्ट त्याला करता येण्यासारखी होती. माऊस चालत नाही तर नाही, वार तर बदलता येईल.

“सोमवारी जमेल हो मला,” वाचाबाई फोनवर म्हणाल्या. मागे कुणाचं तरी मूल ‘क, क, क’ करत होतं. “पण तिनं असं आपणहून सांगितलं? पूर्ण वाक्य?” “मंगळवार नको, सोमवार. चांगलं दोनदा.” “अरे वा! तेव्हा काय चाललं होतं तुमचं? माझा विषय निघाला होता?” “छे, माऊस चालत नव्हता, त्याच्याशी झटत होतो.” “मग ती माऊसबद्दलच बोलत असेल ना,” त्या म्हणाल्या. “मंगळवारचा आणि माऊसचा काय संबंध?” “ते मला कसं कळणार? ते तिलाच ठाऊक. तुम्ही तिला विचारलंत का?” त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. “वार मी नाही बदलत तूर्त,” बाई म्हणाल्या. “आधी तिला विचारा. सरळ ‘काय म्हणतेस’ असं विचारू नका, त्याला शब्द लागतात आणि तेच तर नाहीत. तिला निवडता येईल असं विचारा. आणि थांबा हो जरा. तुम्ही फार लवकर हो म्हणता.”

फोन खिशात टाकून तो कठड्याशी उभा राहिला. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. बसायची, एक पायडल मारलं की उतरायची. तुम्ही फार लवकर हो म्हणता. त्याला बाईंचा राग आला आणि तो आल्यासारखा गेलाही. तीस वर्षं दुकानातल्या त्या काळ्या खुर्चीत माणसं बसवून त्यानं काय केलं होतं? डोळ्यापुढे एक भिंग सरकवायचं, मग दुसरं. हे स्पष्ट की हे? आता? पहिलं की दुसरं? गिऱ्हाईक म्हणतं, दोन्ही सारखीच वाटतात. मग पुन्हा. किती वेळा लोक घाबरून विचारत, माझं चुकत तर नाही ना, आणि तो म्हणे, इथं चुकण्यासारखं काही नाही, डोळा तुमचा आहे, तुम्ही सांगाल ते खरं. कुणाच्या डोळ्यात शिरून बघायची सोय नाही, हे त्याच्या धंद्याचं पहिलंच वाक्य. एवढं साधं त्याला ठाऊक होतं आणि दुकानाचं शटर ओढून घरी आला की तो ते शटरमागेच ठेवून येत होता. त्याला अंगात एक विचित्र थकवा जाणवला, आजारीपणाचा नव्हे, उलट आजार उतरताना येतो तसा. तो आत आला.

ती माऊस उताणा धरून बसली होती आणि त्याच्या पोटाकडे डोळे बारीक करून बघत होती. त्यानं खुर्ची तिच्या समोरून उचलली आणि शेजारी, डाव्या अंगाला ठेवली. बसल्यावर त्याला तिचा चष्मा दिसला. म्हणजे चष्मा रोजच दिसत होता. त्यावरचे डाग आज दिसले. दोन्ही काचांवर अंगठ्याचे, बोटांचे, गालाला लागलेल्या क्रीमचे ठसे, एकावर एक, धुकं साचल्यासारखे. एका हातानं चष्मा पुसता येत नाही. धरायला एक हात लागतो, पुसायला एक. चार महिने चष्मेवाल्याची बायको या काचांतून बघत होती आणि तिनं सांगितलं असतं तरी कुठल्या शब्दात, आणि त्यानं म्हटलं असतं, हो, हो. त्यानं हलकेच चष्मा काढला. तिनं डोळे मिटून घेतले, केस कापताना मिटतात तसे. सदऱ्याच्या टोकानं पुसायला गेला आणि थांबला. गिऱ्हाइकाला हजारदा सांगितलेलं, कापडानं कोरडं पुसू नका, चरे पडतात. उठून नळाखाली धुतला, मऊ फडक्यानं टिपला, उजेडाकडे धरून बघितला, पुन्हा तिच्या कानांवर बसवला. तिनं डोळे उघडले. खोलीभर नजर फिरवली. खिडकी, कपाट, दोरीवरचे त्याचे मोजे. मग त्याच्या तोंडाकडे बघून तिनं भुवया उंचावल्या आणि स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवलं. दाढीचे खुंट. “हो, राहिलीय दाढी,” तो म्हणाला. हे ‘हो’ बरोबर होतं.

“आता सांग,” तो म्हणाला, आणि लगेच, “नाही, मी विचारतो. बिघाड इथं आहे की इथं?” त्यानं एक हात लॅपटॉपवर ठेवला, एक माऊसवर. आणि थांबला. थांबणं किती लांब असतं याची त्याला कल्पना नव्हती. तिच्या गळ्याशी काहीतरी हललं, ओठ जुळले, सुटले. त्याच्या जिभेवर तीन वाक्यं येऊन गेली, ती त्यानं गिळली. तिचं बोट माऊसवर आलं. “माऊसमध्ये. वरच्या बाजूला की खालच्या?” बोटानं माऊस उलटा केला. “खाली. हा बंद-चालूचा खटका, की हे बटण?” बोट बटणावर. तांदळाएवढं बटण होतं, दुपारभर त्याच्या नजरेखाली होतं. “मंगळवार,” ती म्हणाली, मान जोरात हलवून. “नको.” त्यानं खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. बटणाच्या शेजारी, धुळीच्या रेघेसारखे वाटणारे तीन आकडे होते, एक, दोन, तीन. त्याला ते कारखान्याचं काहीतरी वाटलं होतं. प्रत्येक आकड्यावर टाचणीच्या टोकाएवढा दिवा. आणि जो लुकलुकत होता, ज्याच्याबद्दल तो लेकीला चांगला लुकलुकतोय म्हणून सांगत होता, तो दोनवरचा होता.

सोमवार, मंगळवार. एक, दोन. आकडे तिला येत नव्हते, वार येत होते; म्हणून तिनं वारांनी मोजलं होतं. एवढंच. तिनं हे कितीतरी वेळापूर्वी शोधून काढलं होतं आणि सरळ मराठीत सांगितलं होतं, दोनदा, टेबलावर बोट आपटून. “दोन नको, एक,” तो म्हणाला. तिनं डोळे मिटून सुस्कारा टाकला. “गाढवा,” ती म्हणाली. अगदी स्वच्छ, ‘ढ’ सकट. त्याला इतकं हसू आलं की भिंग हातातून निसटून मांडीवर पडलं, आणि तीही हसायला लागली, अर्ध्या तोंडानं, पण आवाज पुरा होता. हसता हसता त्याला समजत गेलं. हा माऊस ती घरी आणि कचेरीत, दोन्हीकडे वापरायची. पिशवीत टाकून न्यायची, आणायची. एक नंबर हा लॅपटॉप, दोन नंबर कचेरीतला संगणक. शेवटचा तिनं कचेरीत वापरला असणार, म्हणून तो इथं, या टेबलावर, गावाच्या त्या टोकाच्या संगणकाला शोधत बसला होता. “तू दाब,” तो म्हणाला. तिनं नखानं बटण दाबलं. दिवा दोनवरून तीनवर गेला. “बुधवार,” ती वैतागून म्हणाली आणि पुन्हा दाबलं. एकवरचा दिवा लागला, दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. तिनं माऊस सरकवला. पडद्यावर बाण चालू लागला.

त्याला वाटलं होतं, आता सगळंच चालू होईल. माणसाला असं वाटतंच. तिनं अभ्यास उघडला. पहिलं चित्र कपाचं. बाण थरथरत शब्दांवरून फिरला आणि ‘किल्ली’वर टिचकी पडली. लाल फुली. दुसरं चित्र किल्लीचं. तिनं ‘बूट’ निवडला. तिसरं बरोबर आलं, चौथं चुकलं. तो भिंतीकडे बघत बसला. मघाच्या हसण्याची ऊब पोटातून ओसरत चालली. जिनं दोन नंबरचा दिवा ओळखला तिला कप ओळखता येत नाही, हे एकाच डोक्यात कसं राहतं? पण राहत होतं, आणि ते तिला त्याच्याआधी माहीत असणार, कारण ती न रडता, न चिडता, एकेक फुली बघत पुढे जात होती. दहावं चित्र झालं तशी तिनं अभ्यास मिटवला. मग डाव्या हातानं, वेडावाकडा, एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या, त्याला न कळणारी दारं उघडत बाण गेला, आणि पडदा निळ्या रेघांनी भरून आला.

कचेरीचा तो नकाशा त्यानं लांबून पुष्कळदा बघितला होता, शेजारी बसून कधी बघितला नव्हता. रेघा जवळ येत गेल्या, रस्ते रुंदावले, नदी आली, पूल आला. इथं तिचा हात अडखळत होता, पण ती अडखळत नव्हती. पुलाच्या अलीकडे एक लाल ठिपका होता. तिनं त्यावर टिचकी मारली, निसटली, पुन्हा मारली. “चप्पल,” ती म्हणाली. “चप्पल… इकडे.” तो ‘हो’ म्हणायला निघाला होता. “मला नाही कळलं,” तो म्हणाला. तिनं मान डोलावली, हरकत नाही अशी. “ठिपका पुसायचा की हलवायचा?” तिनं माऊसवरचं बोट घट्ट दाबून धरलं आणि ठिपका ओढायला सुरुवात केली. रस्त्याच्या मधोमध सुटला. पुन्हा धरला. तिच्या कपाळावर घाम आला. तो नुसता बसून राहिला, मदतीला हात पुढे जाईल म्हणून दोन्ही हात मांडीखाली घेऊन. ठिपका रस्ता ओलांडून पलीकडच्या पदपथावर गेला, थोडा मागे आला, आणि जिथं हवा होता तिथं बसला. तिनं हात काढला. झडप रस्त्याच्या या बाजूला नव्हती, त्या बाजूला होती. आणि हे इतके दिवस, शब्द सांडलेले असताना, अंग पुसून घेताना, वहिनी म्हणून हाका मारताना, तिच्या डोक्यात होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, आवाज बाईचा होता, दबलेला, घाईचा. “मी तुमच्या घरच्यांच्या कचेरीतून बोलतेय, त्यांच्या शेजारच्या टेबलावरची. तुमचा नंबर इथं लिहून ठेवलेला होता. एक विचारायचं होतं, राग मानू नका. आत्ता इथं आमच्या नकाशावर ताईंचं नाव दिसतंय. हिरवं झालंय. पुलाजवळची झडप कुणीतरी हलवलीय. तुमच्याकडून चुकून काही बटण दाबलं गेलं का?” “माझ्याकडून नाही,” तो म्हणाला. पलीकडे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. “ऐका ना,” ती बाई म्हणाली, आणि तिचा आवाज आता दबलेला राहिला नव्हता. “ताई आहेत का तिथं?”

त्यानं तिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती, मान किंचित वाकडी करून, झालेलं काम माणूस बघतो तशी.

“आहे,” तो म्हणाला. “देतो.”

तिनं डाव्या हातानं फोन कानाला लावला. ऐकलं. बराच वेळ ऐकलं. “शुक्रवार,” ती म्हणाली, मग नाही नाही अशी मान हलवून, “खिडकी. मोठी खिडकी, तिकडे.” पलीकडून कुणीतरी भराभर बोलत होतं, विचारत होतं, आणि ती अधूनमधून हुंकार देत होती, ते हुंकार त्याला ओळखीचे वाटले, कचेरीतल्या माणसांना ती द्यायची तसे, घरच्यांना कधी न मिळणारे. तो शेजारी बसून होता. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि हनुवटीनं दाराकडे खूण केली. कामाचं बोलणं होतं. तो उठला, बाहेर आला आणि त्यानं दार हलकेच लोटून घेतलं.